तांब्याच्या पत्र्यावरचा नदीकाठ : एक प्रस्तावना

शार्ल मेरियों या फ्रेंच चित्रकाराने १८५० ते १८५४ या काळात सेन नदीच्या काठावरील जुन्या पॅरिसची जी एचिंग-चित्रे काढली, त्यांची मराठी वाचकाला सविस्तर ओळख करून देणे हा प्रस्तुत लेखनाचा हेतू आहे. ही ओळख करून देताना पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यातला वाचक मुद्दाम डोळ्यांपुढे ठेवला आहे, आणि त्याला दोन कारणे आहेत. एचिंग ही मुळात धातू, आम्ल आणि दाबयंत्र यांची कला असल्यामुळे ती समजून घेण्याची जी पूर्वतयारी लागते, ती या पट्ट्यातल्या कारखान्यांत आणि छोट्या शेडमध्ये काम करणाऱ्यांजवळ आधीपासूनच असते. हे पहिले कारण. दुसरे असे की, उत्तरेला इंद्रायणी, दक्षिणेला मुळा आणि मधून वाहणारी पवना अशा तीन नद्यांच्या काठांवर पिंपरी-चिंचवड शहर वसलेले आहे, त्याचे काठ गेल्या साठ-सत्तर वर्षांत झपाट्याने पालटले आहेत आणि आजही पालटत आहेत. आणि शहर पालटत असताना त्याच्या नदीकाठाकडे कसे पाहावे, याचा मेरियोंइतका कसून विचार केलेला दुसरा चित्रकार एकोणिसाव्या शतकात सापडणे अवघड आहे.

प्रथम तंत्राविषयी. एचिंगसाठी मराठीत अम्लरेखन असा शब्द वापरला जातो. त्यासाठी साधारण दीड-दोन मिलिमीटर जाडीचा तांब्याचा पत्रा घेऊन तो लख्ख घासतात, त्याच्या कडा कानसून उतरत्या करतात, आणि पत्रा किंचित तापवून त्यावर मेण, राळ व डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ थर सारखा पसरतात. हा थर आम्लाला दाद देत नाही. जळत्या मेणबत्तीच्या धुराने तो काळा केला की पत्रा कामाला तयार होतो, आणि मग चित्रकार टोकदार सुईने त्या काळ्या थरावर चित्र काढतो. सुई जिथे फिरते तिथला थर निघून खालचे तांबे उघडे पडते. धातू कोरायचा नसून केवळ मेण खरवडायचे असल्यामुळे हाताला जोर लावावा लागत नाही, आणि कागदावर पेन्सिल चालावी तितकी मोकळी रेघ येथे येऊ शकते. उत्कीर्णन, म्हणजे पोलादी छिन्नीने धातू प्रत्यक्ष कोरण्याची जी त्याहून जुनी रीत आहे, तिच्यापेक्षा एचिंग वेगळे पडते ते याच ठिकाणी.

रेघा ओढून झाल्या की पत्रा पाणी मिसळलेल्या नायट्रिक ॲसिडमध्ये ठेवतात. उघड्या रेघांतले तांबे आम्ल खात जाते, रेघांवर बुडबुडे धरतात, आणि ते तिथेच चिकटून राहिले तर रेघ तुटक येते म्हणून पक्ष्याच्या पिसाने हळूच सारले जातात. चित्रात ज्या रेघा फिकट राहायला हव्यात त्यांवर थोड्या वेळाने वार्निश लावून त्या बंद केल्या जातात आणि पत्रा पुन्हा आम्लात जातो. असे तीन-चार वेळा केल्यावर दूरच्या छपराची रेघ केसाएवढी उथळ आणि पुलाच्या कमानीखालची सावली खोल, असे उथळ-खोल चर एकाच पत्र्यावर तयार होतात. त्यानंतर थर धुऊन टाकतात, पत्र्याला शाई फासतात, जाळीदार कापडाने आणि शेवटी तळहाताने वरवरची शाई पुसून घेतात, ओला केलेला कागद पत्र्यावर पसरतात आणि त्यावर लोकरी घोंगडी ठेवून सगळे दोन रुळांमधून दाबून काढतात. कागद चरांत शिरतो आणि शाई उचलून वर येतो. म्हणूनच अस्सल एचिंगवर बोट फिरवले तर काळी रेघ किंचित उंच लागते, आणि चित्राभोवती पत्र्याच्या कडांचा दाबलेला चौकोन दिसतो. पत्र्यावरचे चित्र कागदावर उलटे उमटते, म्हणजे डावे उजवीकडे जाते. त्यामुळे एखादे ओळखीचे ठिकाण दाखवायचे असेल तर चित्रकाराला ते पत्र्यावर आधीच उलटे काढावे लागते.

या वर्णनातील बहुतेक गोष्टी भोसरी-चाकणच्या वाचकाला परक्या वाटू नयेत. पितळी किंवा स्टीलच्या नेमप्लेटवर नको तो भाग रंगाने झाकून उरलेली अक्षरे आम्लाने खाली उतरवली जातात; इलेक्ट्रॉनिक्सच्या शेडमध्ये तांब्याचा मुलामा असलेला बोर्ड फेरिक क्लोराईडमध्ये बुडवून मंडलाच्या रेषा मोकळ्या केल्या जातात, आणि आजचे अनेक एचिंगकार नायट्रिकच्या विषारी धुरापेक्षा हेच फेरिक क्लोराईड पसंत करतात. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या धातुपरीक्षण प्रयोगशाळेत पोलादाचा नमुना घासून-चमकवून नायटल या द्रावात, म्हणजे अल्कोहोलमध्ये मिसळलेल्या सौम्य नायट्रिक ॲसिडमध्ये, काही क्षण धरला जातो. आम्ल धातूच्या कणांच्या सीमा आधी खाते आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली पोलादाची आतली घडण दिसू लागते. तांबे मऊ असल्याने बऱ्याच प्रती काढल्यावर त्यावरचे चर झिजतात, यावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जो उपाय निघाला तोही प्लेटिंगच्या टाकीवरचाच आहे: छपाईपूर्वी तांब्याच्या पत्र्यावर विजेच्या साहाय्याने लोखंडाचा अतिशय पातळ थर चढवण्यात येऊ लागला. कलेच्या इतिहासाची पुस्तके हा तपशील एका ओळीत उरकतात. येथे तो जरा लांबवला आहे, कारण या कलेकडे जाण्याचा या भागातला सर्वात जवळचा रस्ता कारखान्यातून जातो.

तांब्यावर कोरलेले कागदावर उतरवणे महाराष्ट्रालाही नवे नव्हते. पुण्याच्या दरबारात ब्रिटिश वकील म्हणून राहिलेल्या चार्ल्स मॅलेटच्या आश्रयाने स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स १७९१ नंतर पुण्यात काम करत होता, आणि गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट हा मराठी कलावंत वेरूळची लेणी, मंदिरे आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा यांची रेखाटने करत होता. ती रेखाटने आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. मॅलेटच्याच उत्तेजनाने एका तांबटाने तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरण्याचे काम शिकून घेतले, मॅलेट पुण्यातून गेल्यावर तो मिरजेस गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयाला गेला, आणि तेथे १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवरून भगवद्‌गीता छापून निघाली. मराठी मुलखातल्या देवनागरी छपाईच्या आरंभीच्या कामांत या गीतेची गणना होते. भांडी घडवणाऱ्या हातांनी छपाईचे पत्रे कोरावेत ही घटना मराठी कलेच्या इतिहासात जेवढी सांगितली जायला हवी होती तेवढी सांगितली गेलेली नाही. पुढे ही वाट बंद पडली, कारण शिळाछाप आला. शिळाछापात सपाट दगडावर तेलकट शाईने चित्र काढतात आणि तेल व पाणी एकमेकांत मिसळत नाहीत या गुणावर छपाई चालते. त्यात चर नसतो, आम्लाने धातू खाणे नसते, आणि प्रती हजारोंनी निघतात. राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईहून हलवून लोणावळ्याजवळ मळवलीस, म्हणजे इंद्रायणीच्याच खोऱ्यात, आणण्यात आला, पुढे तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला, आणि तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या. त्या यशाबद्दल आदर बाळगूनही असे म्हणावे लागते की त्या रंगीत देवदेवतांच्या गर्दीत एकरंगी, आडव्या-उभ्या रेघांच्या, रोजच्या जागा दाखवणाऱ्या चित्राची सवय मराठी डोळ्यांना लागली नाही.

या मुलखाची दृश्ये युरोपीय चित्रकारांनी तांब्यावरून छापली, ती वेगळ्या हेतूने. वेल्सची मुंबई व तिच्या परिसराची बारा दृश्ये त्याच्या मृत्यूनंतर, १८०० मध्ये प्रसिद्ध झाली. रॉबर्ट मेल्व्हिल ग्रिंडले या लष्करी अधिकाऱ्याने १८२६ ते १८३० या काळात पश्चिम भारताच्या दृश्यांचा जो चित्रसंग्रह काढला त्यात कऱ्हाकाठच्या सासवडचे दृश्य आहे. ही दुसरी चित्रे ॲक्वाटिंट पद्धतीची आहेत. तीत पत्र्यावर राळेची पूड बसवून आम्लाचा परिणाम रेघेऐवजी ठिपक्यांच्या पटलावर होऊ देतात, त्यामुळे जलरंगाच्या छटेसारखी सावली मिळते. लंडनमधल्या दिवाणखान्यांत बसून पाहण्यासाठी ती काढलेली होती, तेव्हा डोंगर, देवालय, झाड आणि प्रमाण कळावे म्हणून चार माणसे, अशी त्यांची मांडणी असणे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

शार्ल मेरियों १८२१ मध्ये पॅरिसमध्ये जन्मला. वडील इंग्रज डॉक्टर, आई पॅरिसच्या ऑपेरातली नर्तकी, आणि आईवडिलांचे लग्न झालेले नव्हते. सोळाव्या वर्षाच्या आसपास तो ब्रेस्टच्या नौदल शाळेत दाखल झाला, आणि १८४२ ते १८४६ या काळात ‘ल रॅं’ या युद्धनौकेवरून न्यूझीलंडच्या आकारोआ बंदरापर्यंत जाऊन आला. नौदल सोडून चित्रकार व्हायचे ठरवल्यावर त्याला एक गोष्ट अटळपणे स्वीकारावी लागली, ती म्हणजे त्याला रंगांधत्व होते. काही रंग एकमेकांपासून त्याला वेगळे ओळखता येत नसत. तैलचित्राचा रस्ता असा बंद झाला आणि काळ्या-पांढऱ्याचा उघडला. यूजेन ब्लेरी या एचिंगकाराकडे त्याने १८४८ पासून धडे घेतले. त्याहून खोल परिणाम त्याच्यावर झाला तो रेनियर नोम्स, ऊर्फ झीमान, या सतराव्या शतकातल्या डच खलाशी-चित्रकाराच्या पॅरिस-दृश्यांचा; त्या चित्रांच्या नकला करत तो शिकला, आणि पुढे आपला संच त्याने त्याच झीमानला अर्पण केला. एका दर्यावर्दी माणसाने दुसऱ्या दर्यावर्दी माणसाला दोनशे वर्षांच्या अंतरावरून गुरू मानले, यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. शहराकडे पाण्याच्या बाजूने पाहायची सवय दोघांनाही कामातूनच लागली होती.

‘ओ-फोर्त स्यूर पारी’, म्हणजे ‘पॅरिसची एचिंग-चित्रे’, या संचात छोटीमोठी मिळून बावीस चित्रे आहेत आणि त्यांतली मुख्य बारा दृश्ये मानली जातात. ‘ल प्ती पाँ’ हे १८५० चे चित्र पाण्याच्या पातळीवरून पूल आणि त्यामागे नोत्र दामचे मनोरे दाखवते. त्यात मेरियोंने दोन वेगळ्या उंचींवरून दिसणारी दृश्ये एकत्र जोडली आहेत, त्यामुळे मनोरे प्रत्यक्षात दिसतील त्यापेक्षा उंच चढलेले आहेत. हा मुद्दा लक्षात ठेवला पाहिजे, कारण मेरियोंला पॅरिसचा छायाचित्रकार समजण्याची चूक वारंवार होते. तो वास्तूची प्रत्येक खिडकी जागेवर जाऊन टिपत असे, पण तिचे आकारमान आणि तिच्यावर पडणारी सावली मात्र त्या जागेने मनावर उमटवलेल्या दाबानुसार ठरवत असे.

‘ला पाँप नोत्र दाम’ हे १८५२ चे चित्र या पट्ट्यातल्या वाचकाला सर्वात आधी आवडण्याचा संभव आहे. सेनच्या पात्रात, पुलाला लागून, लाकडी खांबांच्या दाट जंगलावर उभी असलेली ही इमारत म्हणजे पॅरिसला पाणी पुरवणारे सतराव्या शतकातले पंपघर होते. वास्तुशास्त्रज्ञांच्या लेखी ती ओंगळ होती आणि चित्र निघाल्यानंतर काही वर्षांतच ती पाडली गेली. मेरियोंने मात्र तिचे तिरकस आधार, आडवे वासे आणि त्यांच्या मधली पाणथळ सावली एखाद्या चर्चची कमान काढावी तितक्या आदराने काढली. रावेतच्या बंधाऱ्यावरून उचललेले पवनेचे पाणी रोज पिणाऱ्या शहरात अशा चित्राचे मोल सांगत बसावे लागू नये.

तरीही सर्व चित्रांत थांबून पाहण्यासारखे चित्र एकच निवडायचे तर ते १८५४ चे ‘ला मॉर्ग’ होय. चित्र उंचीला जेमतेम एक वीत आहे. मॉर्ग म्हणजे बेवारस प्रेतांचे घर: नदीत सापडलेली किंवा रस्त्यावर मिळालेली अनोळखी प्रेते ओळख पटावी म्हणून तेथे लोकांना पाहण्यासाठी ठेवली जात, आणि ओळख पटवायला येणाऱ्यांपेक्षा नुसते पाहायला येणाऱ्यांची गर्दी जास्त असे. सिते बेटाच्या काठावरची ही इमारत १८०४ पासून वापरात होती आणि १८६४ मध्ये मॉर्ग तिथून हलवून नोत्र दामच्या मागे नेण्यात आले. मेरियों पलीकडच्या बाजूने, खालून, पाण्याजवळून पाहतो. चित्राच्या तळाशी धुण्याच्या नावा बांधलेल्या आहेत आणि त्यांच्यावर धोबिणी कपडे धूत आहेत. त्यांच्या वर काठाची दगडी भिंत; तिच्या पायथ्याशी नदीतून काढलेले एक प्रेत माणसे उचलून नेत आहेत, एक बाई दुःखाने कोसळण्याच्या बेतात आहे, आणि पोलीस रस्ता दाखवतो आहे. आणखी वर, कठड्यावर ओणवून, लोकांची रांग खाली पाहते आहे. त्यांच्याही वर मॉर्गची बसकी इमारत, तिच्या धुराड्यातून निघणारा धूर, आणि तिच्यामागे एकमेकांवर रेलून उभी असलेली उंच, अरुंद, अगणित खिडक्यांची घरे.

या मांडणीकडे बारकाईने पाहिले असता लक्षात येते की चित्र आडव्या पट्ट्यांत विभागलेले आहे आणि प्रत्येक पट्ट्यात एक वेगळे काम चालले आहे: धुणे, वाहून नेणे, रडणे, पाहणे, राहणे. धोबिणींपैकी बहुतेकींनी प्रेताकडे मान वळवलेलीसुद्धा नाही. मेरियोंचे श्रेष्ठत्व नेमके येथे आहे असे प्रस्तुत लेखनाचे ठाम मत आहे, आणि ते मत त्याच्या भुतासारख्या गर्द आकाशांची वा नोत्र दामवरच्या ‘ल स्त्रिझ’ या शिंगवाल्या दगडी राक्षसाच्या चित्राची जी ख्याती झाली तिच्याशी काहीसे विसंगत आहे. राक्षसाचे चित्र एकदा पाहिले की मनात राहते हे खरे. पण ‘ला मॉर्ग’ पुन्हा पुन्हा पाहावे लागते, कारण काठावरचे दुःख आणि काठावरचा रोजगार त्याने एकाच जाडीच्या रेघेने काढले आहेत. धोबिणीच्या पाठीची रेघ आणि रडणाऱ्या बाईच्या हाताची रेघ एकदाच आम्लात गेलेली आहे. शोकाला त्याने वेगळा, खोल चर दिलेला नाही. खोल चर आहेत ते घरांच्या खिडक्यांना आणि भिंतीच्या सावलीला.

आता ‘अवस्था’ या संज्ञेविषयी, कारण मेरियोंवरच्या कोणत्याही ग्रंथात ती पानोपानी येते. एचिंगकार पत्र्यावर थोडे काम करून एक-दोन प्रती काढून पाहतो, मग पुन्हा पत्र्यावर काम करतो, पुन्हा छापतो. पत्र्यात बदल झाल्यानंतर निघालेल्या अशा प्रत्येक टप्प्याच्या प्रतींना त्या चित्राची पहिली, दुसरी, तिसरी अवस्था म्हणतात. नको असलेली रेघ काढायची तर तांबे खरवडून, घोटून, मागून ठोकून पुन्हा सपाट करावे लागते. ‘ल पाँतोशांज’ या १८५४ च्या पुलाच्या चित्राच्या सुरुवातीच्या अवस्थांत आकाशात ‘स्पेरान्झा’, म्हणजे आशा, असे नाव लिहिलेला एक मोठा फुगा तरंगतो आहे. पुढच्या अवस्थांत तो खरवडून काढलेला आहे आणि त्याच्या जागी मोठ्या पक्ष्यांचे थवे आले आहेत. त्या पक्ष्यांचा अर्थ मेरियोंच्या आजारपणाशी जोडण्याची प्रथा आहे. १८५८ मध्ये त्याला शाराँतोंच्या मनोरुग्णालयात ठेवावे लागले, काही काळाने तो बाहेर आला, १८६६ मध्ये पुन्हा तेथे गेला आणि तेथेच १४ फेब्रुवारी १८६८ रोजी वारला. या माहितीचा आदर राखूनही एवढे सांगितले पाहिजे की पक्षी काढणारा हात पुलाच्या कमानी काढणाऱ्या हाताइतकाच स्थिर आहे; माणूस आजारी होता म्हणून रेघही आजारी मानण्याची घाई समीक्षकांनी केली. हयातीत त्याची चित्रे फारशी विकली गेली नाहीत. कवी बोदलेरने १८५९ च्या प्रदर्शनावर लिहिताना त्याची मनापासून स्तुती केली, देशाबाहेर असलेल्या व्हिक्टर ह्यूगोलाही ती चित्रे भावली, बोदलेरच्या मजकुरासह संच पुन्हा काढण्याचे बोलणेही झाले, पण मेरियों आणि बोदलेर यांचे जमले नाही. ऑग्यूस्त दलात्र या मुद्रकाने त्याच्या पत्र्यांवरून ज्या प्रती काढल्या त्यांतल्या चांगल्या आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत.

ही चित्रे निघत होती तेव्हा पॅरिस मोडले जात होते. तिसऱ्या नेपोलियनने जॉर्ज-यूजेन ओस्मान याला जून १८५३ मध्ये सेन प्रांताचा प्रमुख अधिकारी नेमले आणि जानेवारी १८७० पर्यंत तो त्या पदावर राहिला. त्या काळात रुंद रस्ते, मैलागटारे, बागा आणि एकसारख्या इमारती यांचे आजचे पॅरिस घडले, आणि सिते बेटावरची दाट वस्ती जवळजवळ पूर्ण साफ झाली. मोडतोड त्याच्याही आधी सुरू झाली होती: तिक्सेरांद्री रस्त्यावरचा जो बुरूज मेरियोंने १८५२ मध्ये एचिंगमध्ये उतरवला, तो १८५१ मध्येच पाडला गेला होता. येथे न्यायाने बोलले पाहिजे. ज्या गल्ल्या मेरियोंच्या चित्रांत सुंदर दिसतात त्यांत कॉलरा होता, सांडपाणी उघड्यावर होते, आणि सेनमध्येच ते जात होते; ओस्मानच्या गटारांनी माणसे वाचवली. मेरियोंची चित्रे त्या सुधारणेविरुद्धची फिर्याद म्हणून वाचू नयेत. धोबीण कुठे उभी राहत होती, पंपाला किती खांब होते, कठड्यावरून खाली काय दिसत होते, याची ती नोंद आहे, आणि ती नोंद सुधारणेच्या नकाशांनी ठेवली नसती.

याच सुमारास पवनेकाठी चित्रे काढली जात होती, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. मुळा-पवना संगमाजवळ दापोडी येथे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२८ मध्ये, मुंबई सरकारने बंगला घेऊन वनस्पतिउद्यान सुरू केले. त्याचे अधीक्षक राहिलेले स्कॉटिश डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन, जे पुढे मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले, त्यांनी १८४७ ते १८५० या काळात एका चित्रकाराकडून तेथल्या वनस्पतींची रंगीत चित्रे करून घेतली. त्या चित्रकाराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. चित्रे आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत आणि ‘दापुरी ड्रॉइंग्ज’ या नावाने ओळखली जातात. पानाच्या कडेचा प्रत्येक दाता, देठावरची लव, फुलाचे उघडे केलेले अंग हे सारे त्यांत आहे. आणि वनस्पतिशास्त्रीय चित्राच्या रीतीनुसार भोवती कोरा कागद आहे. मेरियों ब्लेरीकडे सुई धरायला शिकत होता त्याच सुमारास दापोडीच्या काठावर त्याच तोडीची नजर आणि तसाच संयमी हात काम करत होता, पण मागे वाहणारी नदी त्या चौकटीत येण्याचे कारण नव्हते. चिंचवडचेही तसेच झाले. एडवर्ड मूर या इंग्रज अधिकाऱ्याने १८०० मध्ये चिंचवडला येऊन तेथल्या देव घराण्यावर जो लेख लिहिला तो ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सातव्या खंडात आहे, आणि मोरया गोसावींच्या समाधिमंदिराचे बांधकाम शके १५८० मध्ये, म्हणजे इ. स. १६५८ च्या सुमारास, सुरू झाल्याचे तिथला शिलालेख सांगतो. घराणे, शिलालेख, परंपरा यांची नोंद झाली. घाटावर रोज कोण काय करत होते ते रेघेत उतरले नाही.

नंतरचा बदल वेगवान होता. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, साठच्या दशकात औद्योगिक वसाहत आली, १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, पवना धरणाचे पाणी आले, आणि वीस-पंचवीस वर्षांत शेताच्या बांधावर सोसायट्या उभ्या राहिल्या. नदीकाठावर आज दोन रेषा आहेत, निळी आणि लाल. पंचवीस वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा ती निळी पूररेषा, शंभर वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती लाल. धरणातून मोठा विसर्ग सोडला की पाणी मोरया गोसावी मंदिरात शिरते आणि त्या दिवशी नकाशातली रेषा प्रत्यक्ष दिसते. उन्हाळ्यात जलपर्णी काढणारी माणसे आणि यंत्रे पात्रात उतरतात. पवना, इंद्रायणी आणि मुळा या तिन्ही नद्यांच्या सुधारणेचे प्रकल्प महानगरपालिकेने हाती घेतलेले आहेत, आणि त्यांच्या बाजूने व विरुद्ध पर्यावरणाच्या अंगाने पुष्कळ बोलले जात आहे. त्या वादात येथे शिरायचे नाही. काठ बदलण्याआधी त्याची निरखून केलेली, माणसांसकट, रेघांची नोंद असावी, एवढेच या प्रस्तावनेचे मागणे आहे, आणि ते ड्रोनने काढलेल्या छायाचित्राने पुरे होत नाही. ड्रोन वरून पाहतो आणि सगळ्याला सारखे महत्त्व देतो. एचिंगकाराला मात्र प्रत्येक रेघेपाशी ठरवावे लागते की ती किती वेळ आम्लात ठेवायची, म्हणजे ती गोष्ट किती खोल आहे. आणि हा निर्णय जागेवर बऱ्याच वेळा गेल्याशिवाय घेता येत नाही.

तसे काम कोणी हाती घेतले तर उभे राहण्याची जागा मेरियोंच्याच पद्धतीने निवडावी लागेल: समोरच्या काठावर, खाली, पाण्याजवळ. चिंचवडच्या घाटासाठी ती जागा थेरगावच्या बाजूला आहे. तेथून पाहिले की तळाशी पाणी आणि त्यावरची जलपर्णी, त्यावर घाटाच्या पायऱ्या, पायऱ्यांवर स्नानाला, दशक्रियेला, निर्माल्य सोडायला आणि नुसतेच बसायला आलेली माणसे, त्यांच्या वर मंदिराचे शिखर, आणि मागे इमारतींच्या गच्च्यांवरच्या पाण्याच्या टाक्या, असे पट्टे आपोआपच मिळतात. शिखराला जेवढी रेघ द्यायची तेवढीच टाकीलाही द्यावी की नाही, हा प्रश्न तिथे बसणाऱ्याला सोडवावा लागेल. पत्रा, आम्ल आणि रूळ या गोष्टी भोसरीत एका फेरीत जमतात. थेरगावच्या काठावरून पवना डावीकडून उजवीकडे वाहताना दिसते, तेव्हा पत्र्यावर ती उजवीकडून डावीकडे वाहती काढावी लागेल, आणि घाटाच्या पायऱ्या, मंदिर, पूल हे सारे त्याप्रमाणे उलटे. त्यासाठी आधी कागदावर जागेवर केलेले रेखाटन पत्र्यावर पालथे दाबून उतरवून घेण्याची जुनी रीत आजही सर्वात खात्रीची आहे.